भोईर रकाने बघतात

"मॅडम, तुमी पुरुष हाय का?"

भोईर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. भिवंडीजवळ कशेळीच्या बाजूला एका गोदामात मी डिस्पॅचच्या टेबलाशी बसते, म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकने कुठे जायचा ते बघते. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घातला होता, केसांना क्लिप होती आणि गळ्यात मंगळसूत्र होतं. समोर उभा असलेला माणूस कंपनीत नुकताच लागलेला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला आणि चेहऱ्यावर थट्टेची रेघसुद्धा नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला न्हाय वाटत," ते म्हणाले. "पन कंपनीला वाटत आसंल."

मग त्यांनी खुलासा केला. कामगारांच्या माहितीत स्त्री की पुरुष असा एक रकाना होता. तो कोणी भरलाच नाही तर कंप्युटर आपल्या मनाने 'पुरुष' धरून चालायचा. गोदामात आधी सगळे पुरुषच होते, म्हणून कोणीतरी केलेली ती सोय.

"म्हणजे तुम्ही माझी माहिती उघडून वाचलीत?" मी जरा आवाज चढवला.

"न्हाय न्हाय. तुमचं काय बी न्हाय वाचलं. रकाना वाचला. न भरल्यास पुरुष, आसं हाय तिथं. तुमचा भरलाय का न्हाय ते तुमीच सांगा. कंपनीकडून कधी काय पुरुषासारखं मिळालंय का?"

मी विचार केला. दर दिवाळीला मला शर्टपीस मिळायचं. सेफ्टी बूट मिळाले होते ते माझ्या मिस्टरांना बरोबर बसले. मला वाटायचं, कंपनी घरच्यांचाही विचार करते.

भोईरांनी ते दुरुस्त करून घेतलं. पुढच्या दिवाळीला मला स्टीलचा डबा मिळाला. माझे मिस्टर त्या दिवाळीत जरा नाराज होते.

वसंत भोईर हे आमच्या कंपनीचे 'आयटी'. त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. गाव तिथलंच, गोदामांच्या मागे. ते कामावर चालत यायचे, कारण काम त्यांच्याच शेतात उभं होतं. आजोबांची भातशेती जाऊन तिथे गोदामाचे गाळे झाले होते. याचं त्यांना दुःख असावं असं आम्हाला वाटायचं, पण ते तसं कधी बोलले नाहीत. एकदाच माझ्या टेबलाशी थांबून जमिनीकडे बघत म्हणाले, "बांध इथनंच जायचा. तुमी निम्म्या आमच्या नि निम्म्या चुलत्यांच्या शेतात बसता." मी खुर्ची त्यांच्या बाजूला जरा सरकवली. ते "चालंल, चुलते वारले," म्हणून निघून गेले.

त्यांचं काम काय ते मला समजलं तेवढं सांगते. कंप्युटरमध्ये कंपनीची सगळी माहिती टेबलांत ठेवलेली असते. हे टेबल लाकडाचं नाही, तक्ता म्हणा. मालाचा एक, गाड्यांचा एक, गिऱ्हाइकांचा एक, कामगारांचा एक. प्रत्येक आडव्या ओळीत एक माणूस किंवा एक वस्तू, आणि उभे रकाने : नाव, गाव, फोन, वजन. कुठे काही बिघडलं की बाकीचे आयटीवाले ओळी उघडून माहिती वाचत बसतात. भोईर तसं करत नसत. ते एक हुकूम टाइप करायचे आणि स्क्रीनवर नुसता ढाचा यायचा. कुठले कुठले रकाने आहेत, कशात अक्षरं चालतात, कशात फक्त आकडे, कशात तारीखच लागते, किती मावतं, रिकामं ठेवलेलं चालतं का, आणि कोणी काहीच नाही लिहिलं तर काय धरायचं. आत एकही नाव नाही, एकही आकडा नाही. नुसतं रिकामं घर. त्याच्याकडे ते डॉक्टर जीभ बघतो तसे बघत बसायचे.

"माल मागाहून," ते म्हणायचे. "आधी रकाने."

हे वाक्य गोदामात इतकं रुळलं की हमालसुद्धा जेवायला बसताना डब्याचं झाकण उघडायच्या आधी म्हणायचे, "माल मागाहून."

पण त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं, ही अडचण होती.

आमच्याकडे 'माल कधी येणार' याचा अहवाल कधीच नीट निघत नसे. आधीच्या आयटीवाल्याने त्यावर बरेच दिवस घालवले आणि शेवटी लग्न करून नाशिकला गेला. भोईरांनी ढाचा काढला आणि म्हणाले, "ह्या रकान्यात तारीख न्हाय, अक्षरं चालतात. म्हंजे लोकांनी काय बी लिहिलं आसंल." लिहिलं होतंच. 'उद्या'. 'परवा'. 'कल पक्का'. 'शेठ बोलले की'. एका ठिकाणी नुसतं 'इन्शाल्ला'. त्यातला एक 'उद्या' फार जुना होता. तो माल येऊन, विकला जाऊन, फाटूनही गेला असेल, पण आमच्याकडे तो अजून उद्या येणार होता.

दुसरी गोष्ट वॉशिंग मशीनची. ही मी राहते त्या कामतघरची, म्हणून मला सगळी माहीत आहे. आमच्या भागातल्या एका बाईंनी मशीन मागवलं. पत्ता दिला : मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या डावीकडची चाळ, शेवटची खोली, नाव विचारणे. पत्त्याच्या रकान्यात 'मारुतीच्या देवळामागे' एवढंच मावलं. गाडीवाला प्रामाणिक माणूस. त्याने मशीन मारुतीच्या देवळामागे ठेवलं आणि पुजाऱ्याची सही घेऊन आला. पुजाऱ्यांनी मशीनला हार घातला. देवळाच्या फळ्यावर 'अज्ञात भाविकाकडून' असं लिहून आलं. बाई रोज फोन करायच्या, आणि ऑफिसातून त्यांना रोज सांगितलं जायचं की माल पोचला, सही आहे. शेवटी शनिवारी प्रदक्षिणा घालताना त्यांना आपलं मशीन दिसलं.

साहेब लोक गाडीवाल्यावर चिडले. भोईरांनी विचारलं, "रकाना केवढा हाय?" आणि मग मीटिंगमध्ये उभे राहून त्यांनी आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण केलं. "हा रकाना मुंबईच्या मापानं शिवलाय. तिकडं घराला नंबर आसतो. भिवंडीत घराला खूण आसते. खुणंला जागा लागते." रकाना वाढवला. मशीन देवळातून परत आणायला मात्र वेळ लागला, कारण पुजारी म्हणत होते की देवाला वाहिलेली वस्तू परत कशी द्यायची. शेवटी बाईंनी वर्षभर मारुतीचा शेंदरी कपडा धुऊन द्यायचं कबूल केलं.

ऑफिसबाहेरही त्यांचं हेच. माझ्या नणंदेला मुलासाठी मुलगी बघायची होती. मी भोईरांना सहज विचारलं की तुमच्या गावात कोणी आहे का. ते रविवारी आमच्या घरी आले, चहा घेतला आणि नणंदेला म्हणाले, "पोरीत काय आसलंच पायजे नि काय रिकामं चालंल, येवढं सांगा."

नणंद सांगायला लागली. शिकलेली पाहिजे, पण मुलापेक्षा जास्त नको. नोकरी पाहिजे, पण घरी वेळेवर यायला हवी. उंच हवी, गोरी हवी, भाऊ हवा, पण भावाची कटकट नको. भोईरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रिकामं काय चालंल?"

नणंदेने बराच विचार केला. "पत्रिका," ती म्हणाली.

"ह्या टेबलात कधी येक ओळ पन भरनार न्हाय," भोईर म्हणाले आणि बशीतला उरलेला चहा प्यायले. नणंद माझ्यावर रागावली. पुढे तिच्या मुलाने आपलं आपण जमवलं. मुलगी सावळी, बुटकी, त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली, आणि तिच्या भावांची कटकट फार आहे. नणंदेचं तिच्याशिवाय पान हलत नाही.

असं असलं तरी भोईरांची एक गोष्ट कोणाला कळायची नाही. मालाच्या बाबतीत ते 'माल मागाहून' म्हणायचे आणि मागाहून माल बघायचेही. माणसांच्या बाबतीत मात्र मागाहूनसुद्धा बघायचे नाहीत. कामगारांचं टेबल त्यांच्या हातात होतं. कोणाला किती पगार, कोणी कसली रजा घेतली, कोणाला काय आजार, कोणाविरुद्ध काय लिहिलंय, सगळं. एक बोट दाबायचा अवकाश. त्यांनी ते बोट कधी दाबलं नाही.

बोनसच्या दिवसांत लोक त्यांच्याभोवती घुटमळायचे. उस्मानभाई, आमचे फोर्कलिफ्ट चालवणारे, मूळचे आझमगढकडचे, एकदा चहा घेऊन आले. "भोईर भाई, इतना तो बताओ, इस बार कुछ बढ़ा है क्या?"

"पगार का रकाना देखा है," भोईर म्हणाले. "आकड़े में है."

"वो तो मालूम है भाई."

"पॉइंट के बाद भी दो घर है. पैसे तक जाता है."

उस्मानभाई चहाचा कप तसाच घेऊन परत गेले. मला म्हणाले, "आदमी अच्छा है, लेकिन इससे ज़्यादा तो दीवार बात करती है."

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी ईद झाल्यानंतर एका सकाळी भोईर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते नेहमी उभे राहायचे तसेच, पण बोलेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"येक रकाना वाढलाय."

"कुठे?"

"कामगारांच्या टेबलात. मी न्हाय वाढवला. वरनं कोनीतरी वाढवलाय." ते आवाज खाली आणून म्हणाले, "रिलीव्ह. हो किंवा न्हाय. शेजारी तारखेचा रकाना."

कंपनी नवीन यंत्रणा आणणार, मुंबईहून सगळं बघणार, अशी कुजबुज होतीच. रिलीव्ह म्हणजे कामावरून कमी करणं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"रिकामं चालत न्हाय," भोईर पुढे म्हणाले. "पन न भरल्यास 'न्हाय' हाय. येवढं बरं हाय. म्हंजे ज्याच्यापुढं 'हो' हाय, ते कोनीतरी मुद्दाम लिहिलेलं आसनार."

"माझं बघा," मी म्हणाले.

"न्हाय."

आधी मी त्यांना समजावून सांगितलं. माझ्या मिस्टरांचा लूमचा कारखाना बंद पडून बरेच महिने झाले होते. ते मिळेल तिथे बदली शिफ्ट करत होते. मुलगी कॉलेजला. घर माझ्या पगारावर चाललेलं. भोईरांनी सगळं ऐकलं. मान हलवली. मग मी विनवलं. मग मी रागावले.

"तुमच्या एका बोटावर माझं घर आहे, भोईर."

"म्हनून तर न्हाय दाबत."

"हा माजोरडेपणा आहे!"

"आसंल," ते म्हणाले. "पन ज्याचं नाव हाय त्याच्याआधी मला का कळावं? नि तुमाला कळलं, नि तुमच्या शेजारच्या बाईचं पन त्यात आसलं, तर? तिच्यासोबत जेवायला बसाल तवा काय कराल?"

मी आणखी रागावले. ते तिथून गेले ते सरळ निनाद सरांच्या केबिनकडे. निनाद सर आमचे मॅनेजर. ठाण्याहून यायचे, तरुण, वागायला सभ्य, हिरवा चहा प्यायचे. मीही चलनांवर सही घ्यायचं निमित्त करून मागोमाग गेले. दार उघडंच होतं.

"सर, कामगारांच्या टेबलात येक रकाना वाढलाय," भोईर म्हणाले.

निनाद सरांनी लॅपटॉप अर्धा मिटला. "ते कॉन्फिडेन्शियल आहे. तुम्ही डेटा बघितलात?"

"न्हाय. रकाना बघितला."

"एकच झालं ना?"

"न्हाय सर. घराला खोल्या किती ते भायेरनं दिसतं. आत कोन झोपलंय ते बघायला दार उघडावं लागतं. मी न्हाय उघडलं."

निनाद सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चलनांकडे बघितलं.

"भोईर, महिनाअखेरीला सगळ्यांना सांगणार आहोत. वरून तसं ठरलंय. आधी सांगितलं की लोक काम टाकतात."

"नावं कवा लिहिली?"

"गेल्या आठवड्यात."

"परवा उस्मानभाईनं सगळ्यांना शेवया आनल्या. तुमी बी खाल्ल्या. त्यांचं नाव हाय का न्हाय ते मला ठाव न्हाय. पन तुमाला ठाव व्हतं, नि तुमी त्यांच्या पुढ्यात बसून खात व्हता."

निनाद सर लाल झाले. रागाने की कशाने ते मला तेव्हा कळलं नाही. ते खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले. खाली ट्रक मागे घेताना पोरं ओरडत होती, "आने दो, आने दो."

"तुम्ही खरंच नावं बघितली नाहीत?" त्यांनी वळून विचारलं.

"न्हाय."

"एकही नाही? तुमचं स्वतःचंसुद्धा?"

हे बोलून गेल्यावर निनाद सरांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. भोईर उभेच होते. त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं, ते लावलेलंच होतं.

"बरं," ते म्हणाले. "मला सांगून झालं. आता बाकीच्यांना सांगा."

आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

निनाद सरांनी त्या दुपारी मुंबईला बरेच फोन केले. काचेतून दिसत होतं, ते उभे राहून बोलत होते. मग त्यांनी एकेकाला आत बोलावलं. खुर्चीवर बसवलं, चहा दिला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. हे त्यांचं मी नेहमी सांगते. उस्मानभाई आत जाऊन आले आणि कोणाशी न बोलता फोर्कलिफ्टवर चढून त्यांनी उरलेला माल उतरवला. पॅकिंगच्या काही बायका आत जाऊन आल्या. त्यातल्या शोभाताईंसोबत मी रोज जेवते.

मला बोलावणं आलंच नाही. मला आनंद झाला. तो तोंडावर दिसू नये म्हणून मी बराच वेळ चलनांत डोकं घालून बसले.

लवकर कळल्याचा उपयोग झाला. लग्नसराईच्या मालासाठी आजूबाजूच्या गोदामांत तेव्हाच माणसं घेत होते. महिनाअखेरीला ती भरती संपली असती. उस्मानभाईंना रस्त्यापलीकडच्या गोदामात जागा मिळाली. त्यांनी तिथल्या सुपरवायझरला गाठून शोभाताईंना आणि पॅकिंगच्या आणखी दोघींना नेलं. भोईरांना मात्र लगेच काही मिळालं नाही. ते रोज वेळेवर यायचे आणि मुंबईहून आलेल्या नवीन मुलाला टेबलं समजावून द्यायचे. तो मुलगा पहिल्या दिवशी हसू दाबत होता. नंतर तोही त्यांच्या शेजारी बसून रिकाम्या ढाच्याकडे टक लावून बघायला लागला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना गेटबाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नव्हतं. श्रीफळ घेतलं, शाल परत केली, उकाड्यात तिचं काय करणार म्हणून. आम्ही बाकावर बसलो. खाडीवरून जरा वारा येत होता. रस्त्यावर ट्रक एकामागे एक उभे होते, कशेळीच्या पुलापर्यंत.

"एक विचारू?" मी म्हणाले. "दुसऱ्याचं नाही बघितलंत ते ठीक. पण स्वतःचं तरी बघायचं होतं."

चहावरची साय भोईरांनी बोटाने बाजूला केली.

"आदी मी येका लॅबचं काम बघायचो," ते म्हणाले. "रक्त-बिक्त तपासतात ती. येका शनिवारी त्यांचा फोन आला, प्रिंट निघंना म्हनून. मी गेलो. प्रिंट निघते का बघायला शेवटची नोंद उघडली. कुठली तरी उघडायची आसते ना. ती नेमकी आमच्या निर्मलेची निघाली."

निर्मला म्हणजे त्यांची बायको, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. त्यांनी कधी नाव घेतलं नव्हतं.

"गाठ तपासायला दिली व्हती. रिपोर्ट सोमवारी डॉक्टर सांगनार व्हते. मी शनिवारीच वाचला."

"मग?"

"मंग काय. घरी गेलो. तिच्या भावाचं लगीन व्हतं, ती म्हनाली साडी घ्यायला जाते. मी कधी जायचो न्हाय साडीच्या दुकानात. त्या दिवशी गेलो. तिनं येक साधी निवडली, मी म्हटलं ती नको, ती वरची घे, जरीची. ती माझ्याकडं बघतच रायली. रविवारी तिला आईसक्रीम खायला नेली. आमच्या लगनाला पंदरा वर्सं झाली व्हती, मी कधी नेली नव्हती."

टपरीवाल्याने पुढचा चहा विचारला. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"सोमवारी डॉक्टरनं सांगितलं. ती रडली न्हाय. येताना रिक्षात म्हनाली, 'शनिवारी दुकानात आलात, तवाच तुमाला ठाव व्हतं ना?' मी म्हटलं, न्हाय. ती साडी तिनं कधी नेसलीच न्हाय. लगनाला जुनीच नेसून गेली."

मला वाटलं, संपलं. मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागले.

"नंतर वरीसभर व्हती ती," ते म्हणाले. "तसं बरं व्हतं. जेवायची, बोलायची. पन मी कवा काय आनलं ना, भजी आना, गजरा आना, की ती हातात घ्यायच्या आदी माझ्या तोंडाकडं बघायची. आजून काय कळलंय का म्हनून. मी म्हनायचो, काय न्हाय गं, आसाच आनलाय. तरी बघायची."

पुलाकडून एकदम सगळे ट्रक हलले. भोईर उठले, त्यांनी श्रीफळ काखेत घेतलं.

"मंग मी आनायचंच सोडलं," ते म्हणाले. "गजरा लय आवडायचा तिला."

आणि दोन ट्रकांच्या मधून वाट काढत ते रस्ता ओलांडून गावाकडे चालत गेले.